ऊन सगळ्यांचं, जोखीम ज्याची त्याची

रिची बेनॉ हे नाव मराठी क्रिकेटवेड्यांना दोन कारणांनी ठाऊक आहे. जुन्या पिढीनं त्यांना १९६० च्या जानेवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाचे कर्णधार म्हणून पाहिलं. नंतरच्या पिढ्यांनी पहाटे उठून टीव्ही लावला आणि त्यांचं समालोचन ऐकलं. २०१४ च्या नोव्हेंबरात, वयाची चौऱ्याऐंशी वर्षं उलटल्यावर, बेनॉंनी जाहीर केलं की आपल्या कपाळावर आणि डोक्यावर त्वचेचा कर्करोग झाला आहे आणि उपचार चालू आहेत. कारणही त्यांनीच सांगितलं. लहानपणी कीथ मिलर हा त्यांचा आदर्श. मिलर टोपी घालत नसे, म्हणून बेनॉही बोडक्या डोक्यानं खेळले. घातली असती तर बरं झालं असतं, निदान आता तुम्ही तरी घाला, असं त्यांचं सांगणं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये बेनॉ गेले.

आता आपल्याकडचा शेतकरी घ्या. आयुष्यभर उन्हात राबतो. विदर्भातलं मे महिन्यातलं ऊन सिडनीच्या उन्हाला कुठंच हार जात नाही. तरीही कपाळावर त्वचेचा कर्करोग झालेला शेतकरी आपल्या गावात शोधायला गेलात तर बहुधा एकही सापडणार नाही. ऑस्ट्रेलियात मात्र सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांपैकी किमान दोघांना कधी ना कधी त्वचेच्या कर्करोगाचं निदान होतं, असं तिथल्या कर्करोग संस्था सांगत आल्या आहेत. ऊन तेच, मग हा फरक का? आणि फरक एवढा मोठा असेल तर ऑस्ट्रेलियाकडून आपण काय घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं? या प्रकरणात तेच पाहायचं आहे.

ऊन कातडीत काय करतं

उन्हाचे तीन भाग कामापुरते लक्षात ठेवू. उजेड डोळ्यांना दिसतो. उष्णता अंगाला जाणवते. तिसरा भाग अतिनील किरणांचा. ते दिसतही नाहीत, जाणवतही नाहीत, आणि त्वचेचं नुकसान मुख्यतः तेच करतात. अतिनील किरणांचे प्रकार तीन. सी प्रकार ओझोनचा थर वरच्यावर अडवतो. बी प्रकार थोडा पोचतो, पण तो तिखट असतो. ऊन लागून कातडी लाल होते, सोलते, ती मुख्यतः त्याच्यामुळे. ए प्रकार सर्वांत जास्त पोचतो. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत त्याचा वाटा सुमारे ९५ टक्के. तो कातडीत खोलवर उतरतो, सुरकुत्या आणि डाग पाडतो आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बराचसा आत येतो.

बी किरण पेशीच्या डीएनएवर थेट आदळतात. डीएनएच्या साखळीतली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात. पेशीकडं अशी जोडणी कापून जागा दुरुस्त करायची सोय असते आणि ती रोज हजारो ठिकाणी काम करते. झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात ही दुरुस्तीच नीट होत नाही, हे १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं. अशा मुलांना कोवळ्या वयातच त्वचेचे कर्करोग होतात, भारतातसुद्धा. कर्करोग आणि आपण यांच्यामध्ये ही दुरुस्ती किती महत्त्वाची आहे, हे त्यावरून कळतं. निरोगी माणसातही काही चुका दुरुस्तीतून निसटतात. वर्षानुवर्षं त्या साठत जातात आणि एखादी पेशी आवर सुटल्यासारखी वाढू लागते.

त्वचेचे मुख्य कर्करोग तीन. बेसल सेल कार्सिनोमा हळू वाढतो, क्वचितच पसरतो, पण नाक, पापणी, कान कुरतडत जातो. स्क्वेमस सेल कार्सिनोमा त्याहून आक्रमक, लसिकाग्रंथींपर्यंत जाऊ शकणारा. मेलानोमा रंगपेशींचा. तिघांत कमी आढळणारा आणि सर्वांत घातक. स्क्वेमस सेलचा संबंध आयुष्यभराच्या एकूण उन्हाशी जास्त, तर मेलानोमाचा संबंध अधूनमधून होणाऱ्या कडक भाजण्याशी, विशेषतः लहानपणीच्या. म्हणून आठवडाभर कचेरीत बसून रविवारी समुद्रकिनाऱ्यावर लाल होणारा गोरा माणूस मेलानोमाच्या वाटेवर असतो.

उन्हाचा आणि या रोगांचा संबंध एकदम लक्षात आला नाही. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या चेहऱ्या-हातांवरच्या खरखरीत, डागाळलेल्या कातडीचं आणि तीत होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन केलं. १९२८ मध्ये जॉर्ज फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण सोडून गाठी निर्माण करून दाखवल्या. १९५६ मध्ये हेन्री लँकेस्टर या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञानं मृत्यूंच्या नोंदी अक्षांशानुसार मांडल्या. युरोपीय वंशाचे लोक विषुववृत्ताच्या जितके जवळ राहायला गेले, तितके त्यांच्यातले मेलानोमाचे मृत्यू वाढत गेले होते.

ऑस्ट्रेलियाचं कोडं याच नोंदींत सुटतं. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेत घडलेली कातडी दोनशे वर्षांपूर्वी भर उन्हाच्या देशात आली. त्यात दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणून तिथलं ऊन उत्तरेकडच्या जुलैतल्या उन्हापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त प्रखर. हवा स्वच्छ, राहणी मोकळी, समुद्रकिनारा हाकेच्या अंतरावर. त्या देशाचे मूळ रहिवासी मात्र हजारो वर्षं याच उन्हात राहत आले, आणि त्यांच्यात हा रोग फार कमी.

एका समुद्रपक्ष्यानं शिकवलेला धडा

१९८१ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग संस्थेनं टीव्हीवर एक जाहिरात आणली. सिड नावाचा कार्टूनमधला सीगल पक्षी नाचत नाचत गाणं म्हणायचा. त्याचं सांगणं तीन शब्दांचं होतं, 'स्लिप, स्लॉप, स्लॅप'. म्हणजे अंगात सदरा चढवा, क्रीम थापा, डोक्यावर हॅट ठेवा. १९८८ मध्ये त्याच संस्थेची 'सनस्मार्ट' मोहीम सुरू झाली. तिला पैसा आला तंबाखूवरच्या करातून. शाळांमध्ये 'नो हॅट, नो प्ले' हा नियम रुळला. हॅट विसरलेल्या मुलानं मधल्या सुट्टीत सावलीत बसायचं. मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलंही हाच नियम पाळत मोठी होतात, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आधी त्याचं नवल वाटतं. २००७ मध्ये तीन शब्दांना आणखी दोन जोडले गेले. सावली शोधा आणि गॉगल चढवा.

बाजारातल्या गोष्टीही बदलल्या. उन्हापासून वाचवणाऱ्या कपड्यांचं जगातलं पहिलं प्रमाण १९९६ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडनं ठरवलं. कापडातून किती अतिनील किरण पार होतात हे मोजून कपड्यावर 'यूपीएफ' आकडा छापायचा. कातडी तांबूस करून देणाऱ्या सोलॅरियम यंत्रांबद्दलचा वाद २००७ मध्ये पेटला. क्लेअर ऑलिव्हर ही २६ वर्षांची मेलबर्नची तरुणी मेलानोमानं मरणाच्या दारात असताना या यंत्रांविरुद्ध जाहीरपणे बोलली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अशी यंत्रं निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातली. २०१५ च्या सुरुवातीपासून ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत त्यांचा धंदा बंद झाला. आज तिथल्या तरुण पिढीत मेलानोमाचं प्रमाण उतरतं आहे. म्हाताऱ्यांत मात्र अजून चढं आहे, कारण त्यांचं लहानपण सिडच्या आधी गेलं.

नंबूरच्या बाटल्या

सनस्क्रीन खरोखर कर्करोग टाळतं का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. क्रीम लावणारी माणसंच उन्हात जास्त जातात, त्यामुळं नुसती पाहणी केली तर क्रीम लावणाऱ्यांनाच रोग जास्त, असं उलटं चित्र दिसू शकतं. उत्तर मिळालं ते क्वीन्सलंडमधल्या नंबूर या गावात. ब्रिस्बेनच्या उत्तरेला असलेलं हे उसाचं गाव. साखर कारखाना ऐन गावात, आणि उसाच्या छोट्या आगगाड्या भर रस्त्यातून जायच्या. ॲडेल ग्रीन यांच्या चमूनं १९९२ मध्ये तिथल्या १६२१ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटानं रोज सकाळी डोकं, मान, हात यांवर एसपीएफ १५ च्या वरचं क्रीम लावायचं. दुसऱ्यानं आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणं वागायचं. खोटं क्रीम कुणालाच दिलं नाही, कारण क्वीन्सलंडच्या उन्हात ते देणं अनैतिक ठरलं असतं.

लोकांच्या बोलण्यावर विसंबून राहायचं नाही म्हणून परत आलेल्या बाटल्यांचं वजन केलं जाई. बाटली किती हलकी झाली यावरून क्रीम खरंच लावलं की नाही, ते कळे. १९९६ पर्यंत असं चाललं. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्के कमी झाल्या. बेसल सेलमध्ये ठळक फरक दिसला नाही. पुढं दहा वर्षं लक्ष ठेवल्यावर मेलानोमाचे आकडे आले. रोज लावणाऱ्या गटात ११, दुसऱ्या गटात २२. त्यांतले खोल उतरलेले मेलानोमा ३ विरुद्ध ११. आकडे लहान आहेत, म्हणून शास्त्रज्ञ जपून बोलतात, पण दिशा स्पष्ट आहे. २०१३ मध्ये याच लोकांच्या हाताच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे तपासून आणखी एक गोष्ट पुढं आली. रोज क्रीम लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण २४ टक्के कमी दिसलं.

हा प्रयोग गोऱ्या लोकांवरचा, हे विसरायचं नाही. आपल्या कातडीचा हिशेब वेगळा आहे.

आपली कातडी आणि आपले कर्करोग

गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशींनी बनवलेल्या मेलॅनिनच्या कणांत. सावळ्या कातडीत हे कण मोठे, गडद आणि सुटेसुटे असतात. पेशीत ते केंद्रकाच्या वर गोळा होतात, डोक्यावर छत्री धरावी तसे, आणि खालचा डीएनए वाचवतात. अमेरिकेत १९७९ साली झालेल्या मोजणीत गोऱ्यांच्या कातडीच्या वरच्या थरातून सुमारे २४ टक्के बी किरण पार झाले, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या कातडीतून सुमारे ७ टक्के. भारतीय माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी येतो, आणि आपल्यातही कोकणस्थ घरातल्या घाऱ्या डोळ्यांच्या मुलीपासून गडद सावळ्या माणसापर्यंत सगळ्या छटा आहेत. भारतातल्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहतो, त्याचं मोठं श्रेय या रंगाला. ज्या सावळेपणावर आपल्याकडं लग्नं अडतात आणि गोरेपणाच्या क्रीमचे कारखाने चालतात, तोच आपलं सर्वांत स्वस्त औषध आहे.

पण प्रमाण कमी म्हणजे धोका शून्य, असं नव्हे. शिवाय आपल्याकडं हा रोग भलत्याच जागी येतो. सिडचं गाणं टीव्हीवर आलं त्याच १९८१ साली, ११ मे रोजी, बॉब मार्ली मायामीत वारला. वय अवघं ३६. रेगे संगीत जगभर नेणाऱ्या या जमैकन गायकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा होता. आधी तो फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटला. १९७७ मध्ये निदान झालं, डॉक्टरांनी अंगठा काढायचा सल्ला दिला, त्यानं तो मानला नाही आणि रोग पसरला. तळपाय, तळहात आणि नखाखाली होणाऱ्या या प्रकाराला ॲक्रल मेलानोमा म्हणतात. त्यात उन्हाचा हात फारसा नसतो. भारतात जे थोडे मेलानोमा होतात, त्यांतले बरेच पायावर, विशेषतः तळव्यावर सापडतात. टोपी आणि क्रीम इथं काही करू शकत नाहीत. तळवा उलटा करून पाहणं एवढाच उपाय.

स्क्वेमस सेलचीही तीच गत. आपल्याकडं तो भाजल्याच्या जुन्या व्रणावर, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर उगवतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करणारे गोमंतकीय विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासोबत लिहिलेल्या शोधनिबंधात आपल्या रोजच्या चालीरीतींतून होणाऱ्या कर्करोगांची नोंद केली. त्यांत एक होता धोतराचा. कमरेला एकाच जागी रोज करकचून बांधलेली गाठ, घाम आणि घर्षण. आधी तिथली कातडी जाड आणि पांढुरकी होते, मग जखम, मग काही जणांत कर्करोग. बायकांत हेच साडीखालच्या परकराच्या नाडीमुळं होतं. जुनी गोष्ट म्हणून हे सोडून देता येणार नाही. २०२४ साली वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांतली एक परकराशिवाय लुगडं नेसणारी होती. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात, तर तिथं पोटावर आणि मांड्यांवर कर्करोग होतो. पश्चिम बंगालमध्ये हातपंपांच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळं तळहातांवर खडे उठतात आणि पुढं काहींना त्वचेचा कर्करोग होतो.

याचा अर्थ आपल्याकडं उन्हामुळं काहीच होत नाही, असाही नाही. बेसल सेल कर्करोग आपल्याकडंही नाकाशेजारी, पापणीखाली येतोच. आपल्या कातडीत तो अनेकदा काळपट दिसतो, त्यामुळं तीळ समजून वर्षानुवर्षं सोडून दिला जातो. जन्मजात रंगद्रव्य नसलेल्यांना, म्हणजे अल्बिनिझम असलेल्यांना, धोका फार मोठा. मूत्रपिंड बदलून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना तो वाढतो. कोड असलेल्यांची पांढरी कातडी उन्हात लवकर भाजते, ती जपायलाच हवी, पण कोड म्हणजे कर्करोगाची पहिली पायरी, ही भीती निराधार आहे.

घड्याळ, सावली, कापड, मग क्रीम

आता सवयींकडं येऊ. पहिली सवय घड्याळ पाहायची. कॅनडानं १९९२ मध्ये अतिनील निर्देशांक सुरू केला आणि पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं तो जगभर नेला. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये 'यूव्ही' असा आकडा दिसतो, तो हाच. ० ते २ असेल तर काळजी नको. ३ पासून पुढं जपायचं. ११ किंवा त्याहून जास्त म्हणजे अति तीव्र. महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी तो ११ च्या पलीकडं जातो, आणि डिसेंबरच्या गुलाबी थंडीतही भर दुपारी ३ च्या वर असतो. ॲप नसेल तर आपली सावली पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा किरण तिखट असतात.

इथं एक गल्लत नेहमी होते. उकाडा आणि अतिनील किरण एक नव्हेत. थंड हवेच्या ठिकाणी ऊन गोड लागतं, पण दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे गाठीला बांधावं. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणून तिथं हनुवटीखालीही कातडी भाजते आणि डोळे सुजतात. पातळ ढगांतूनही बरेच किरण येतात.

दुसरी सवय कापडाची, आणि ती आपल्याकडं आधीपासून आहे. फेटा, पागोटं, उपरणं, डोक्यावरचा पदर, शेतातल्या बायकांनी साडीवर चढवलेला घरधन्याचा लांब बाह्यांचा सदरा. पुण्यात दुचाकीवरच्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून सनकोट घालतात, त्यांची थट्टा पुष्कळ झाली, पण धूळ आणि ऊन या दोन्हींवर एवढा चोख उपाय दुसरा नाही. कापड कसं निवडायचं? उजेडासमोर धरा. विणीतून उजेड झिरपला तर किरणही झिरपणार. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड जास्त अडवतं. पातळ पांढरा सुती सदरा वाऱ्याला चांगला, पण किरण अडवण्यात कच्चा, आणि भिजला की आणखी कच्चा. गांधी टोपी टक्कल वाचवते, कान आणि मान उघडी टाकते. शेतात, बांधकामावर, मैदानावर काम असेल तर चारी बाजूंनी काठ असलेली हॅट किंवा मानेवर सोडलेला पंचा हवा. गॉगल घेताना रंगाच्या गडदपणावर जाऊ नका, 'यूव्ही ४००' लिहिलेलं पाहा. किरण न अडवणाऱ्या गडद काचेमागं बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरण आत जातात. उन्हामुळं मोतीबिंदू आणि बुबुळाकडं सरकत जाणारा मांसाचा पडदा हे दोन्ही लवकर येतात, आणि तिथं कातडीचा सावळेपणा कामाला येत नाही.

क्रीमचा नंबर शेवटी. एसपीएफ हा आकडा मुख्यतः बी किरणांचा. ३० चं क्रीम सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० चं ९८. म्हणून ५० च्या पुढच्या आकड्यांमागं पैसे घालवण्यात अर्थ नाही. ए किरणांसाठी बाटलीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा 'पीए' आणि अधिकची चिन्हं पाहा. मात्र हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन काढलेले असतात. चेहरा, कान आणि मानेला त्या हिशेबानं एक चहाचा चमचा भरून क्रीम लागतं, म्हणजे ५ मिलिलिटर. मग ५० मिलिलिटरची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर दहा दिवसांत संपायला हवी. तुमच्या घरची तीन महिने पुरत असेल तर थर नवव्या हिश्श्याचा बसतो आहे, आणि बाटलीवरचा ५० हा आकडा फक्त बाटलीवरच राहतो. शिवाय बाहेर पडण्याआधी वीसेक मिनिटं लावायचं, घाम आला की पुसलं जातं, दर दोन तासांनी परत लावायचं. हा खर्च शेतमजुराला कुठून परवडणार? त्याला टोपी, पंचा आणि दुपारची सावली द्या. सहा महिन्यांखालच्या बाळालाही क्रीम नको, सावली आणि सुती झबलं पुरे.

मग आपल्यापैकी कुणी क्रीम लावावं? २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञ संस्थांनीच आपला सल्ला तीन गटांत वाटला. अतिगोऱ्या आणि जास्त जोखमीच्या लोकांनी कडक जपायचं. मधल्या रंगाच्यांनी ऊन पाहून. गडद कातडीच्यांना कर्करोगासाठी रोज क्रीम लावायची गरज नाही, मात्र बराच वेळ उन्हात राहायचं असेल तर लावावं. आपण बहुतेक मधल्या आणि तिसऱ्या गटात बसतो. गालावर वांग येत असेल, उन्हानं पुरळ उठत असेल, ऊन सहन न होणारी औषधं चालू असतील, कातडी गोरी असेल, तर डॉक्टरांना विचारून रोज लावावं. वांगाला दिसणारा उजेडही कारण ठरतो, म्हणून त्यासाठी लोहाची रंगद्रव्यं घातलेलं, रंगीत क्रीम लागतं. कुणी गोरं व्हायला सनस्क्रीन विकत असेल तर ते फसवणं आहे.

आणि ड जीवनसत्त्व? ते कातडीत बी किरणांमुळंच बनतं, आणि सावळ्या कातडीला त्यासाठी जास्त वेळ लागतो. उन्हाच्या या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते, कारण शहरातला माणूस सकाळी अंधाऱ्या जिन्यातून गाडीत आणि गाडीतून कचेरीत जातो. अशा माणसाला उन्हापासून पळायला सांगणं चूक. हात उघडे ठेवून रोज थोडं ऊन घ्यायला हरकत नाही. भाजेपर्यंत बसायचं नाही, एवढंच.

पाहायचं कुठं

त्वचेच्या कर्करोगाची एक बाजू दिलासा देणारी आहे. तो डोळ्यांना दिसतो. मेलानोमा एक मिलिमीटरपेक्षा उथळ असताना काढला तर शंभरातले पंच्याण्णवहून जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. खोल गेला की चित्र पालटतं. गेल्या काही वर्षांत प्रतिकारशक्तीला जागवणाऱ्या औषधांनी पसरलेल्या मेलानोमातही आशा निर्माण केली आहे, पण ती औषधं महाग आणि सगळ्यांना लागू पडतीलच असं नाही.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर, उजेडात, पाच मिनिटं द्या. पाटावर बसा आणि पाय मांडीवर घ्या. तळवा, टाच, बोटांमधल्या फटी पाहा. भेगा आणि कुरूप यांच्यात दडलेला काळा डाग चटकन दिसत नाही, म्हणून पाय आधी घासून स्वच्छ धुवा. मग नखं. सावळ्या माणसांच्या नखांवर तपकिरी रेघा अनेकदा असतात, त्या बऱ्याच बोटांवर असतील तर घाबरू नका. पण एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत गेली, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर पसरला, तर थांबू नका. त्यानंतर कंबरेवरची नाडीची जागा, भाजल्याचे जुने व्रण, ओठ, नाक, कानांच्या मागं. पाठ घरच्यांना पाहायला सांगा. तीळ एका बाजूनं वेगळा, कडा वेड्यावाकड्या, दोन-तीन रंगांचा, सहा मिलिमीटरहून मोठा किंवा बदलत चाललेला असेल, तर तो दाखवायचा. या पाचांत 'बदलणं' सर्वांत महत्त्वाचं. जी जखम महिन्याभरात भरत नाही, पुन्हा पुन्हा खपली धरते आणि रक्त येतं, तीही दाखवायची. घरगुती मलम आणि जाळणाऱ्या औषधांत महिने घालवायचे नाहीत. चामखीळ म्हणून डागून टाकलेल्या गाठीचा तुकडा तपासणीला जात नाही आणि निदान हातचं निसटतं.

साडी नेसणाऱ्या आई-आजीला सांगा की नाडी रोज थोडी वर-खाली आणि सैल बांधा, रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या. कंबरेला खाज सुटून कातडी पांढरट, जाड झाली असेल तर ती लपवू नका.

ऑस्ट्रेलियाकडून घ्यायचं ते एवढंच. मुलांना शाळेच्या वयात टोपी आणि सावलीची सवय लावणं, आणि अंगावर काही नवं दिसलं तर लाजून न बसता दाखवणं. गोऱ्या कातडीचं भय मात्र उसनं घ्यायची गरज नाही. आपला धोका कमी आहे, पण आपल्याकडं रुग्ण उशिरा येतो आणि त्यातच जीव जातो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टरही संशयित डाग पाहून जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतो, आणि छोटा तुकडा काढून तपासायला एक दुपार पुरते. या आठवड्यात आपले तळवे पाहा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही पाहा.